कौलावरचं साल

जुन्या घराच्या माळ्यावर चढून एखादं सुटं कौल पालथं केलं, की पाठीवर उमटलेली अक्षरं दिसतात. बासेल मिशन टाइल वर्क्स, आणि खाली १८६५. आपल्या बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून निपाणीपर्यंत कितीतरी घरांचं वय या एका आकड्यावरून ठरवलं गेलंय. वारसदार अभिमानाने सांगतात, “आमचं घर अठराशे पासष्टचं, कौलावरच छापलंय.” पण तो आकडा घराचा नाही, कारखान्याचा आहे. मंगळूरजवळ जेप्पूला बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या मिशनरी संस्थेने कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली, आणि नंतर कित्येक दशकं तेच साल साच्यात राहिलं. पहिल्या महायुद्धानंतर मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, तरी कौलावर १८६५ कायमच. म्हणजे कॉमनवेल्थचं नाव असलेलं कौल १९१९ च्या आधीचं असूच शकत नाही, साल काहीही छापलेलं असो.

शिवाय मंगळूरचं कौल आपल्या भागात पोचणार कसं? एका चौरस मीटरला पंधरा कौलं लागतात, एक कौल दोन-सव्वादोन किलोचं. साध्या घराच्या छपरालासुद्धा दीड-दोन हजार कौलं सहज जातात, म्हणजे तीन ते साडेचार टन माल. घाट चढून बैलगाडीने इतका माल आणणं फक्त धनवंताला परवडायचं. सदर्न मराठा रेल्वेने लोंढा, खानापूर, बेळगाव ही स्टेशनं जोडली ती १८८० च्या दशकाच्या अखेरीस. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये. निपाणीला आजही स्टेशन नाही, तिथला माल शेवटच्या टप्प्यात गाडीवाटेनेच आला. त्यामुळे आपल्याकडच्या छोट्या गावात मंगळुरी छप्पर दिसलं, तर ते फार करून १८९० नंतरचं धरावं. भिंती त्याच्या शंभर वर्षं आधीच्या असू शकतात. खाली उतरून भिंतीच बघायला हव्यात.

घर एकाच वर्षाचं नसतं, हे आधी मनात पक्कं करावं लागतं. जोतं एका पिढीचं, सोपा दुसऱ्या पिढीचा, माडी तिसऱ्या पिढीने चढवलेली, न्हाणी अगदी अलीकडची. इतिहास सांगणारा माणूस त्यातलं सर्वांत जुनं साल उचलतो आणि अख्ख्या घराला चिकटवतो. माझ्या मते उलट करावं. एकेका भागाला वेगळं वय द्यावं आणि त्या वयांमधल्या फटी शोधाव्यात. दोन दुरुस्त्यांच्या मधे साठ वर्षं काहीच झालं नसेल, तर ती साठ वर्षं त्या घरावर काय गुदरलं, हा खरा प्रश्न.

या जिल्ह्यातल्या दोन नामांकित वाड्यांकडे पाहिलं की हे उमगतं. कित्तूरच्या देसायांचा वाडा आणि निपाणीच्या नाईक-निंबाळकरांचा वाडा. दोन्ही घराण्यांचं नशीब वारसाच्या प्रश्नावर फिरलं, आणि तेही दत्तक नामंजूर करून संस्थानं खालसा करणाऱ्या डलहौसीने १८४८ साली हिंदुस्थानात पाऊल ठेवण्याच्या बऱ्याच आधी. कित्तूरचे शिवलिंगरुद्र सर्जा सप्टेंबर १८२४ मध्ये वारले, दत्तक मान्य करायला धारवाडचा कलेक्टर थॅकरे तयार झाला नाही, २३ ऑक्टोबरला किल्ल्यासमोरच्या लढाईत तो पडला, आणि डिसेंबरात कंपनीच्या मोठ्या फौजेपुढे राणी चन्नम्मांचा किल्ला पडला. निपाणीचे सिद्धोजीराव पेशवाईतले सरलष्कर. १८१८ नंतरही त्यांची जहागीर त्यांच्याकडे राहिली. १८३९ साली ते वारले, आणि मान्य वारस नाही म्हणून कंपनीने जहागीर खालसा केली.

कित्तूरला आज उभ्या आहेत त्या भिंती. छप्पर नाही, म्हणून ते घर आतून कसं बांधलं होतं ते उघड्यावर दिसतं. नळ, हौद, कोनाडे, गिलाव्याचे थर. तिथे ध्रुवतारा पाहण्यासाठी भिंतीत ठेवलेली भोकं दाखवतात. ध्रुव क्षितिजापासून जितक्या अंशांवर दिसतो तितकेच त्या गावाचे अक्षांश असतात, आणि कित्तूरचे अक्षांश साडेपंधराच्या जवळपास. म्हणजे उत्तरेकडे तोंड करून तेवढाच चढ देऊन नळी बसवायची. गवंड्याला हे कोणीतरी मोजून दिलं असणार. निपाणीत मात्र माणसांचा वावर राहिला, चुली पेटत राहिल्या, छपराकडे लक्ष राहिलं. दोन्हीकडे सत्ता गेली, पण छप्पर एकीकडेच गेलं.

घर वाचायला सुरुवात पायरीपासून करावी. दारासमोर किती पायऱ्या दिसतात ते मोजावं आणि मग गल्लीच्या कडेला हातभर खणून पाहावं. आपल्या गावांत गल्ली दर डांबरीकरणाला, दर काँक्रिटीकरणाला चढत जाते. आधीचा थर कोणी खरवडत नाही. पाच पायऱ्यांच्या घराला तीनच उरतात, काही ठिकाणी उंबरा रस्त्याच्या पातळीला आलाय. जोत्याची उंची हीच ओल अडवण्याची पहिली सोय होती, ती आपणच पुरून टाकली. मग भिंतीला तीन-चार फुटांपर्यंत लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, फुटतो, गिलावा सुटतो, आणि दोष मात्र जुन्या बांधकामाला दिला जातो.

भिंतीचा दगड गाव सांगतो. खानापूर, नंदगड, बेळगावच्या पश्चिमेला जांभा. खाणीतून काढताना कुऱ्हाडीने तासता येईल इतका मऊ, हवा लागली की घट्ट होणारा, पण आयुष्यभर सच्छिद्र. चिकोडी-निपाणीकडे काळा दगड. त्याची भिंत बहुधा दोन पाटांची, बाहेरून एक आणि आतून एक, मधे माती आणि कपचीची भर. जाडी दोन हातांपर्यंत, म्हणजे तीन फूट. दोन्ही पाटांना बांधून ठेवणारे लांब आरपार दगड ठराविक अंतरावर घातलेले असतात. ते कमी पडले आणि वरून पाणी भरीत शिरलं, की माती फुगते, दगड बाहेर ढकलला जातो आणि भिंतीला पोट येतं. ओळंबा सोडून बघावं. जाडीच्या मानाने थोडं पोट असलेली भिंत वर्षानुवर्षं उभी राहते, पण पोटाच्या बरोबर वर आडवी चीर दिसली तर तुळईला ताबडतोब टेकू द्यावा, कारण पाट सुटायला लागलाय.

लाकूडकामात वय जास्त मोकळेपणाने बोलतं. सागवान दाराला, खांबाला आणि मिरवायच्या जागी, वाशांना मत्ती, किंदळ, हेद, नाणा. खानापूरचं जंगल शेजारी असल्यामुळे ही चैन आपल्याकडे सामान्य घरालाही परवडली. खांब जमिनीत पुरलेला नसतो, दगडी तळखड्यावर नुसता ठेवलेला असतो, त्यामुळे जमिनीची ओल आणि वाळवी दोन्ही दूर राहतात. नंतरच्या कोणीतरी फरशी घालताना तळखडा सिमेंटात बुडवला, की ओल थेट खांबाच्या बुडाला लागते आणि दहा-पंधरा वर्षांत बूड पिठासारखं होतं. टोच्याने टोचून पाहावं. टोच्या बोटभर आत गेला तर तेवढं बूड कापून खाली नवा लाकडी तुकडा किंवा उंच दगड घ्यावा लागतो. अख्खा खांब बदलायची गरज क्वचितच असते.

घराचं माप खणात बोललं जातं. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, साधारण पाच-सहा फूट, आणि खणांची संख्या रिवाजाने विषम. घरात अचानक एक खण अरुंद दिसला, किंवा सम संख्या आली, तर तिथे वाटणी झालेली असते. मधली भिंत नंतरची. अशा भिंतीखाली जोतं नसतं, ती फरशीवरच उभी केलेली असते. तिच्या दोन्ही अंगांना तुळई मात्र एकच सलग जाते. भावांनी भिंत वाटली पण तुळई वाटता आली नाही, आणि पुढे एकाने आपली बाजू पाडायला घेतली की दुसऱ्याचं घर धोक्यात येतं ते यामुळेच. पाडण्याआधी तुळई कुठून कुठे जाते ते दोन्ही बाजूंनी मोजून, मधल्या भिंतीपाशी दोन खांबांचा आधार दिल्याशिवाय करवत लावू नये.

खिळे पाहावेत. लोहाराने ठोकलेला खिळा चौकोनी, टोकाकडे निमुळता, डोकं वेडंवाकडं. तारेचा गोल खिळा आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि पुढे आला. मूळ जोडांत खिळेच नसतात, कूस-खाच आणि लाकडी खुंटी असते. लोखंडी गर्डर असेल तर त्याच्या पोटावरची अक्षरं ब्रशने साफ करून वाचावीत. डॉरमन लाँग म्हणजे विलायतेचा माल. टाटांचं नाव असेल तर १९१२ नंतरचा, कारण जमशेदपूरला पोलाद त्याच साली निघायला लागलं. पायाखाली रंगीत नक्षीची सिमेंटची फरशी असेल तर बहुधा विसाव्या शतकातली दुरुस्ती. मुंबईच्या भारत टाइल्सचा कारखाना १९२२ चा. निपाणीत तंबाखूच्या पैशाने माड्या चढल्या त्यांच्या पुढच्या अंगाला हे सगळं एकत्र सापडतं आणि मागे वखारीचा भाग त्याहून साधा, जुन्याच दगडाचा राहतो. पुढून पाहणारा ते घर नवं समजतो.

आता छप्पर, कारण घर जगतं-मरतं तिथेच.

एकाच जिल्ह्यात दोन निराळी छपरं आहेत. कणकुंबीच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, अथणीला सहाशेच्या आसपास. म्हणून पश्चिमेला उतरतं कौलारू आणि पूर्वेला सपाट माळवद. माळवदाला तुळयांवर हातभर अंतराने कड्या, कड्यांवर किलच, म्हणजे लाकडाच्या फाळक्या, त्यावर पाला, मग चिखल आणि शेवटी पांढऱ्या मातीचा थर. आठ इंच माती म्हणजे चौरस मीटरला साडेतीनशे किलोपर्यंत भार, मंगळुरी कौलांचा भार त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा. माळवद गळायला लागलं की वर नवी माती ओढायची पद्धत, जुनी कोणी काढत नाही. दोन-तीन पिढ्यांत तो थर दीड फुटांवर जातो, कड्या वाकतात, मधे खळगा पडतो, खळग्यात पाणी साचतं, आणि मग जिथे गळतं तिथेच आणखी माती पडते. गळणारं माळवद दुरुस्त करताना पहिलं काम माती वाढवण्याचं नसून उतरवण्याचं असतं. कडेच्या पन्हळीपासून मधल्या भागापर्यंत दोरी ताणून उतार बघावा, दर दहा फुटांना दोन इंच उतार हवाच.

कौलारू घराचं गणित वेगळं. नळीच्या गावठी कौलांची शाकारणी दरसाल, अक्षय्य तृतीयेनंतर आणि मृग लागायच्या आत. दोन माणसं वर, दोन खाली. पाख, म्हणजे छपराची एक उतरती बाजू, आढ्याकडून वळचणीकडे उतरवत यायचा, कौल झाडून शेवाळ काढायचं, फुटकी वेगळी, आणि पुन्हा मांडताना वळचणीपासून वर. मंगळुरी कौल आल्यावर लोकांना वाटलं, आता शाकारणी नको. इथेच फसगत झाली. मंगळुरी कौलाला दरसाल उलटापालट लागत नाही, पण दर तीन-चार वर्षांनी रिपा, म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या लाकडी पट्ट्या, तपासाव्या लागतात. रिप एका जागी खचली की त्या ओळीतली कौलं एकमेकांत घट्ट बसत नाहीत, वाऱ्याबरोबर पाणी आत शिरतं आणि आधी रिप, मग वाशाचं टोक, मग भिंतीचा माथा असा नाश खाली उतरत जातो. दुसरी चूक फुटलेल्या कौलाच्या जागी मिळेल ते कौल घालण्याची. मंगळूरचं, केरळातल्या फेरोकचं आणि आपलं खानापुरी कौल लांबून सारखं दिसतं, पण खोबणीत थोडा थोडा फरक असतो आणि तेवढ्यातून पाणी येतं. एका पाखावर एकाच छापाची कौलं गोळा करावीत. दुसऱ्या छापाची परसूकडच्या पाखावर सगळी एकत्र घालावीत. कोपऱ्यातली पन्हळ, जिथे दोन पाख भेटतात, ती मे महिन्यात हाताने साफ करावी. जुन्या घरांच्या कोपऱ्यातलाच वासा आधी का कुजतो त्याचं उत्तर त्या पन्हळीतल्या पाचोळ्यात असतं.

भिंतींना सिमेंटचा गिलावा देऊ नये, हे शंभरदा सांगितलं तरी कमी आहे. माती-चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंट ती सोडू देत नाही, म्हणून ओल वर चढत जाते आणि गिलाव्याच्या मागे क्षार साठून सहा-आठ वर्षांत अख्खा पापुद्रा सुटतो, सोबत जांभ्याचा थर घेऊन. चुनाच हवा. कळीचा चुना विरवून निदान महिनाभर पाण्याखाली भिजत ठेवावा, गाळून घ्यावा, एकास तीन धुतलेली वाळू, चुन्याच्या घाण्यात किंवा हातचक्कीत घोटून. गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालायची जुनी रीत आहे. एक हात, म्हणजे एक थर, अर्ध्या इंचाहून जाड देऊ नये, दुसरा हात पहिला आळल्यावर. दहा-बारा दिवस शिंपडून ओला ठेवावा. हे काम कार्तिक ते माघ या काळातलं. चैत्रात केलं तर चुना सुकतो, पण आळत नाही, बोटाने खरवडला की भुकटी होते.

कागद शेवटी बघावेत असं मला वाटतं, कारण कागद आधी वाचले की भिंतीत तेच दिसायला लागतं. आपल्या भागातल्या घराचा इतिहास तीन लिप्यांत विखुरलेला असतो. जुनं मोडीत, मधलं बाळबोधीत म्हणजे देवनागरीत, १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतरचं हळूहळू कानडीत. एकच आडनाव तीन कागदांत तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं, म्हणून नावापेक्षा चतुःसीमेवर भरवसा ठेवावा. पूर्वेला कोणाचं घर, दक्षिणेला बोळ की विहीर. शेजारी बदलतात, विहीर बदलत नाही. जिल्ह्याचं नाव पाहावं. बेळगाव जिल्हा धारवाडमधून वेगळा झाला तो १८३६ मध्ये, निपाणीच्या घराचा जुना दस्त चिकोडी तालुक्यात शोधावा लागतो.

मोडी कागदावर ‘सलास अशर मयातैन व अलफ’ असं आलं तर घाबरू नये. सलास तीन, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार, म्हणजे शुहूर सन १२१३, मराठी दफ्तरातली अरबी आकड्यांची कालगणना. त्यात ५९९ मिळवले की इसवी १८१२. पण हे वर्ष मृगाला सुरू होतं, त्यामुळे जानेवारी ते मृगापर्यंतच्या तारखेला सहाशे मिळवायचे. फसली या महसुली सनात ५९० किंवा ५९१, शकात ७८ किंवा ७९. या एका वर्षाच्या फरकाने कितीतरी घराण्यांच्या वंशावळीत बाप मुलाच्या जन्माच्या कितीतरी आधीच वारलेला दिसतो. स्टॅम्पवरचं डोकंही मदत करतं. व्हिक्टोरियाचं १९०१ पर्यंत, सातव्या एडवर्डचं १९१० पर्यंत, पंचम जॉर्जचं १९३६ पर्यंत. मात्र शिल्लक स्टॅम्प पुढच्या राजाच्या काळातही वापरले जात, तेव्हा डोकं फक्त ‘याआधी नाही’ एवढंच सांगतं.

आणि घरात जमाखर्चाच्या वह्या उरल्या असतील तर सर्वांत आधी वैशाख-ज्येष्ठाची पानं काढावीत. तिथे शाकारणीची मजुरी लिहिलेली असते, सुंभ, बांबू, शेकड्यावर घेतलेली कौलं. ही नोंद ज्या वर्षी थांबते ते वर्ष लिहून ठेवावं. देशमुख-देसाई-कुलकर्ण्यांच्या घरांत ती १९५१ नंतर थांबलेली दिसली तर नवल नाही. परगणा व कुलकर्णी वतनं त्या साली रद्द झाली. कुळांकडून खंड येणारी घरं १९७४ च्या भूसुधारणेनंतर थकली. जमीन कसणाऱ्याला मिळाली हे न्यायाचंच झालं. पण पंचवीस खणांचा वाडा त्या जमिनीच्या उत्पन्नावर झाकला जात होता, हेही तितकंच खरं. नोंद थांबल्यावर पाच-सात वर्षांत पहिला वासा जातो. मग मागची पडवी बंद होते, मग माडीवर जाणं थांबतं, आणि घरातली माणसं पुढच्या सोप्यात येऊन राहतात. शेवटी पत्रा येतो. पत्रा हलका असतो, वाशांना बरा. पण उन्हाळ्यात घर तापतं, आणि वादळात तो खालून उचलला जातो, म्हणून कौलांसाठी केलेल्या वाशांवर नुसत्या खिळ्यांनी न ठोकता हूक-बोल्टने आवळावा लागतो.

पत्रा घालायचं ठरलंच असेल तर कौलं उतरवताना गाडीवाल्याला सगळी एकदम देऊ नयेत. प्रत्येक छापाची चार-चार कौलं बाजूला काढावीत, ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावीत. कोणत्या पाखावरची, वरून कितवी ओळ आणि उतरवल्याची तारीख, हे पेन्सिलीने पाठीवर लिहावं. शाई कौलात पसरते, पेन्सिल टिकते. मग माळ्यावर कोरड्या जागी भिंतीला टेकवून उभी ठेवावीत. आडवी रचली तर खालची भाराने तडकतात.